कुंपणाबाहेरचं क्रिकेट

पंढरपुरात राहणाऱ्या माणसाला आषाढी एकादशीला विठोबाचं दर्शन किती सुखानं घडत असेल, असं आपल्याला उगीचच वाटतं. प्रत्यक्षात तो बिचारा त्या दिवशी आपल्याच घरात पाहुण्यांच्या पडशा ओलांडत फिरत असतो. देऊळ गल्लीच्या टोकाशी. पण रांगेचं शेपूट पार गावाबाहेर गेलेलं. मग तो माडीवर चढतो, लांबूनच कळसाला हात जोडतो आणि खाली येऊन पाहुण्यांच्या साबुदाण्याचं बघतो. कळसाचं दर्शन घेतलं की देवाचं घेतल्यासारखंच, अशी सोय आपल्याकडे फार पूर्वीच करून ठेवलेली आहे.

क्रिकेटच्या बाबतीत आम्हां गिरगावकरांची हीच गत. आमच्या चाळीपासून वानखेडे स्टेडियम सरळ रेषेत सव्वा किलोमीटरवर. चालत गेलं तर वीस मिनिटं, वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर पाऊण तास. पुण्याचे, नाशिकचे, इंदूरचे नातेवाईक म्हणतात, "तुमचं काय बुवा! तुम्ही मैदानाच्या दारातच." दारातच, हे खरं. अडचण एवढीच, की दाराच्या आत आणि दाराच्या बाहेर यांत जे अंतर असतं ते किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. मॅच असली की नाशिकचा मेव्हणा कुठून तरी पास पैदा करून येतो, आमच्या मोरीत अंघोळ करतो, आमच्या हिचे थालीपीठ खातो आणि आम्हांला टाटा करून मॅचला जातो. आम्ही गॅलरीत उभं राहून त्या दिशेच्या दिव्यांचा उजेड पाहतो. कळसदर्शन.

मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, चांगला लिहिला आहे. पण तो बहुतेक आतून लिहिलेला असतो. कोणी किती धावा काढल्या, कोणी कोणाला टिपलं. माझ्या मते हा इतिहास एकदा कुंपणाच्या बाहेरून लिहायला हवा, कारण या शहरात खेळापेक्षा कुंपणं जुनी आहेत.

आज जिथे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल वगैरे तुकडे आहेत, तिथे पूर्वी एस्प्लनेड नावाचं एकच विस्तीर्ण पटांगण होतं. तिथे एका अंगाला गोऱ्या साहेबांचा बॉम्बे जिमखाना. १८७५ साली स्थापन झालेला. जिमखान्याचं क्रिकेटचं मैदान कसं, गालिचासारखं. त्यावर पाय ठेवायची कोणाची टाप नव्हती. बाकीच्या भागात पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळायची. पण साहेबांना पोलोचाही नाद. स्वतःच्या गालिच्यावर घोडे कसे घालणार? म्हणून ते घोडे या पोरांच्या खेळपट्ट्यांवरून दौडायचे. सकाळी पोरं यावीत तर खेळपट्टीवर टापांचे खड्डे. त्यांनी सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या, बरीच वर्षं हुज्जत घातली. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी १८९७ साली लिहिलेल्या पुस्तकात ही हकिगत मोठ्या कळकळीनं दिली आहे. मुंबईकराचा चेंडू अचानक उसळला तर त्याला आश्चर्य का वाटत नाही, याचं मूळ मला या टापांत दिसतं.

पुढे समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर, किनाऱ्यालगत पारशी, मुसलमान आणि हिंदू यांचे जिमखाने ओळीनं उभे राहिले. प्रत्येकाला आपापलं कुंपण मिळालं. आणि मग कुंपणाच्या आतही कुंपण असतं, हे दिसायला लागलं. पळवणकर बाळू हा त्या काळातला हिंदूंचा सर्वांत मोठा गोलंदाज. चर्मकार समाजातला. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यानं शंभराहून जास्त बळी घेतले. पुण्यात सुरुवातीच्या दिवसांत मैदानावर त्यानं फेकलेला चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरायचा; पण चहाची वेळ झाली की त्याचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नाही आणि कपबशीला आहे, हा नियम एम.सी.सी.च्या पुस्तकात कुठे सापडत नाही. बाळूला हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही. त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, ते १९२३ साली. त्या वर्षी चौरंगी सामन्यांच्या अंतिम लढतीत हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं. ज्या खांद्यांना त्याची सावली चालत नव्हती, त्यांतलेही काही खांदे त्या दिवशी पुढे आले असणार. मॅच जिंकली की माणसं क्षणभर किती चांगली होतात!

भारतातली पहिली टेस्ट झाली तीही त्याच बॉम्बे जिमखान्यावर, डिसेंबर १९३३ मध्ये. ज्या जिमखान्याचं सभासदत्व हिंदी माणसाला मिळत नव्हतं, तिथे हिंदुस्थानचा संघ सी. के. नायडूंच्या हाताखाली खेळायला उतरला. समोर 'बॉडीलाइन'वाला जार्डिन. आमचे बाबा तेव्हा अठरा वर्षांचे. खिशात तिकिटाचे पैसे नव्हते, म्हणून त्यांनी ही टेस्ट झाडावरून पाहिली. झाडावरची जागा टिकवायची तर पहाटे जावं लागे, आणि एकदा चढलं की संध्याकाळपर्यंत उतरायची सोय नव्हती. इतर सोयींबद्दल बाबा काही बोलत नसत. लाला अमरनाथनं पदार्पणातच ११८ धावा काढल्या. भारताचं ते कसोटीतलं पहिलं शतक. शामियान्यातल्या बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून त्याला दिले, असं सांगतात. बाबांच्या अंगावर द्यायला काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी टोपी उडवली. ती परत आली नाही. आपण ती टेस्ट हरलो. पण बाबा आयुष्यभर "माझी टोपी टेस्टमध्ये पडली आहे" असं सांगत असत, आणि ऐकणारा नवखा असला तर त्याला बाबा खेळायला होते असं वाटे. बाबा तो गैरसमज दूर करण्याची घाई करत नसत.

त्यानंतर चार वर्षांनी ब्रेबोर्न स्टेडियम आलं. तेही समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांना जमीन मागायला गेलेल्या अँथनी डिमेलो यांनी विचारलं म्हणे, की सरकारसाठी पैसे हवेत की स्वतःसाठी अमरत्व? गव्हर्नरसाहेबांनी अमरत्व घेतलं. आज ब्रेबोर्न कोण होता हे दहा मुंबईकरांत एकाला सांगता येणार नाही, पण स्टेडियमचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे सौदा अगदीच वाईट झाला नाही.

ब्रेबोर्नवर पंचरंगी सामने भरू लागले. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि पाचवे 'द रेस्ट', म्हणजे उरलेसुरले. मला या संघाबद्दल लहानपणापासून फार ममता. बाकीच्यांना धर्म होता, यांना नुसतंच उरणं. १९४३ सालच्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५८१ धावा केल्या, त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या. त्यांचा भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला २१ धावा काढून उभा होता, आणि दोघांच्या भागीत ३०० धावा झाल्या. मला विचाराल तर या डावातली खरी कामगिरी विवेकची. घरात एक भाऊ कर्ता असला की दुसऱ्यानं नुसतं टिकून राहायचं असतं, हे ज्याला कळलं त्याला एकत्र कुटुंब कळलं.

धर्मावर बेतलेल्या या सामन्यांना गांधीजींनी १९४० सालीच नापसंती दर्शवली होती. तरीही ते १९४६ पर्यंत चालले. बाबा खादी वापरत, गांधीजींचा शब्द प्रमाण मानत आणि पंचरंगी चुकवत नसत. यातून त्यांनी मार्ग असा काढला होता, की तिकीट काढायचं नाही. ते इराण्याच्या हॉटेलात बसून रेडिओ ऐकत. "आपण पैसे कुठे देतो? आपण चहा पितो." एका सिंगल चहावर किती षटकं बसता येतं, यावर गिरगावातल्या इराण्यांचे आणि गिऱ्हाइकांचे वर्षानुवर्षं वाद चालत. रेडिओवर बॉबी तल्यारखान. हा गृहस्थ दिवसभर एकट्यानं कॉमेंट्री करायचा. शेजारी दुसरा कोणी बसलेला त्याला खपत नसे. बाबा म्हणायचे, ब्रेबोर्नच्या गालिच्यावर बसलेल्यांना मॅच दिसली असेल, पण तल्यारखानची मॅच आम्ही ऐकली.

ऐकण्यावरून आठवलं. बाहेरच्या माणसाला काय घडलं ते उशिरा कळतं आणि आतल्याला लगेच, असा एक समज आहे. १९६९ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ब्रेबोर्नवरच्या टेस्टमध्ये तो समज धुळीला मिळाला. वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं. आत बसलेल्या हजारोंना, बॅटला चेंडू लागला की नाही हे कुठून दिसणार? पण त्यांतल्या पुष्कळांच्या कानाला ट्रान्झिस्टर होता, आणि ट्रान्झिस्टरनं सांगितलं की लागला नाही. मग जे व्हायचं ते झालं. बाटल्या, खुर्च्या, जाळपोळ. म्हणजे भर मैदानात, डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट लोकांना रेडिओमुळे कळली. तेव्हापासून आमच्या चाळीत तिकीट न मिळालेल्या माणसाची मान जरा ताठ झाली.

आता वानखेडे. ब्रेबोर्नची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची, आणि मुंबईचं क्रिकेट चालवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. टेस्ट आली की किती जागा कोणाच्या, यावरून दोघांत दर वेळी तंटा. म्हणजे असोसिएशनही आमच्यासारखीच कुंपणाबाहेरची! असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे, विधानसभेचे सभापती. ते आमदारांच्या एका मदत-सामन्यासाठी मैदान मागायला क्लबचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्याकडे गेले आणि मर्चंटांनी नकार दिला, अशी हकिगत सांगतात. नागपूरकडच्या माणसाला नाही म्हणताना विचार करावा, हे मुंबईकरांच्या तेव्हा लक्षात आलं. हाकेच्या अंतरावर, रेल्वेचे रूळ आणि समुद्र यांच्यामध्ये, वर्ष-सव्वा वर्षात दुसरं स्टेडियम उभं राहिलं. शशी प्रभू हे त्याचे वास्तुशिल्पी. आणि सर्वांत गोड गोष्ट म्हणजे त्या स्टेडियमच्या एका स्टँडला आज विजय मर्चंटांचंच नाव आहे. भांडण कसं संपवावं हे आमच्या शहराकडून शिकावं.

वानखेडेवरची पहिली टेस्ट जानेवारी १९७५ ची, क्लाइव्ह लॉइडच्या वेस्ट इंडीजशी. तिला मी आत होतो. पूर्ण नव्हे, एक षष्ठांश. टेस्ट सहा दिवसांची होती आणि ऑफिसातल्या आम्ही सहाजणांनी मिळून एक सीझन तिकीट काढलं होतं. कोणाला कोणता दिवस यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. तिकीट रोज संध्याकाळी मरीन लाइन्स स्टेशनवर दुसऱ्याच्या हाती सोपवायचं, अशा अदबीनं की रामानं भरताला पादुकासुद्धा इतक्या जपून दिल्या नसतील. आमच्या चाळीत एक ओव्हरसियर होते. त्यांनी निघताना बजावलं, "सिमेंट अजून पक्कं झालेलं नाही. उड्या मारू नका." लॉइडनं नाबाद २४२ काढल्या. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक पोरगा त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बदडलं, आणि मग नव्या स्टेडियमची पहिली मोडतोड झाली. सिमेंट मात्र टिकलं. ओव्हरसियर थोडे नाराज झाले.

माझ्या चिठ्ठीला आला तो एकनाथ सोलकरच्या शतकाचा दिवस. सोलकरचं हे टेस्टमधलं एकमेव शतक, १०२. त्याचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी. त्या जिमखान्याच्या आवारातल्या एका खोलीत हे पोर वाढलं. वानखेडेपासून चालत दहा-बारा मिनिटांवर. कुंपणाच्या आत जन्म काढायचा, पण सभासद म्हणून नव्हे. रोलर फिरवायचा, पण दुसऱ्यांसाठी. आणि एक दिवस त्याच समुद्राच्या वाऱ्यात, आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर टेस्टमध्ये शतक ठोकायचं! तो शंभरावर पोचला तेव्हा मी ओव्हरसियरांची सूचना विसरून उड्या मारल्या. शेजारी एक अनोळखी माणूस डब्यातली पुरी-भाजी खात होता. त्यानं बोलता बोलता अर्धी पुरी माझ्या हातावर ठेवली. "माळ्याचा पोरगा हो," एवढंच म्हणाला. दोघांनाही पुढे काही बोलता आलं नाही. ती टेस्ट आपण २०१ धावांनी हरलो, पण ते माझ्या वाट्याच्या षष्ठांशात येत नाही.

१९८७ च्या उपान्त्य सामन्याबद्दल फारसं लिहिण्यात अर्थ नाही. ५ नोव्हेंबर. ग्रॅहम गूच सबंध दुपार झाडू मारल्यासारखा स्वीप मारत होता. ११५ धावा. वेंगसरकर पोट बिघडल्यामुळे खेळू शकला नाही, आणि त्यानं आदल्या रात्री काय खाल्लं असावं यावर गिरगाव ते दादर एवढी चर्चा झाली, की दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात कोळणींनी आपल्या मालाची आपणहून ग्वाही द्यायला सुरुवात केली. गावसकर चार धावांवर त्रिफळाचीत. त्याचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. आपण ३५ धावांनी हरलो. त्या रात्री चाळीत कोणी जेवलं नाही, असं म्हणण्याची पद्धत आहे. जेवले सगळे; पण वाढताना पळीचा आवाज होऊ दिला नाही.

मग चोवीस वर्षं गेली आणि २ एप्रिल २०११ आला. विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत आणि श्रीलंका, आणि तो आमच्या गल्लीच्या टोकाशी! स्टेडियम नव्यानं बांधलेलं. जागा आधीपेक्षा कमी, तेहतीस हजारांच्या आसपास. त्यांतली सर्वसामान्यांना विकायला म्हणून सुमारे चार हजार तिकिटं. कोटभर वस्तीच्या शहराला चार हजार! आमच्या भाच्यानं संगणकावर तिकिटासाठी प्रयत्न केला. तो संगणकासमोर, आम्ही अकराजण त्याच्या पाठीमागे. एक पांढरं पान आलं आणि त्यावर एक चक्र फिरत राहिलं. संध्याकाळी त्याच्या आजीनं विचारलं, "अरे, हे सुदर्शन किती वेळ फिरणार?"

तेव्हा ठरलं, की आपण परंपरेप्रमाणे बाहेरूनच पाहायची. पण थाटात. चाळीतली आमची खोली सर्वांत टोकाची, म्हणून दूरदर्शन संच आमचा, पंखे शेजाऱ्यांचे, सतरंज्या गणेशोत्सव मंडळाच्या. राष्ट्रपतींपासून रजनीकांतपर्यंत सगळे आत, आणि आम्ही बाहेर. परवावर गुढीपाडवा, पण हिनं श्रीखंडाचा चक्का दोन दिवस आधीच टांगला. "जिंकलो तर आज, हरलो तर पाडव्याला," असा सावध हिशेब.

आमचे मामा तेव्हा ब्याऐंशीचे. सबंध आयुष्य गोदीत नोकरी झालेली, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते भरती-ओहोटीवर लावतात. मुंबईत चेंडू वळतो तो गोलंदाजामुळे नव्हे, भरतीमुळे, हा त्यांचा सिद्धान्त. भरती चढू लागली की वारा जड होतो आणि चेंडू डुलतो. ओहोटीला चेंडू सुतासारखा सरळ. आणि भरतीची वेळ काढायची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. त्या दिवशी फाल्गुन वद्य चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. "रात्री साडेदहाला पुरती भरती," मामांनी टॉसच्या आधीच जाहीर केलं. "साडेचारला ओहोटी. आपण पहिली बॅटिंग घेतली पाहिजे."

टॉस दोनदा झाला. गर्दीचा गलका एवढा, की संगक्कारानं काय मागितलं ते शेजारी उभ्या असलेल्यांनाही नीट ऐकू आलं नाही. हातभर अंतरावर ऐकू आलं नाही, आणि आम्हांला सव्वा किलोमीटरवरून सबंध स्टेडियम ऐकू येत होतं! शेवटी श्रीलंकेनं बॅटिंग घेतली. मामांनी कपाळाला हात लावला. आणि झहीर खाननं भर ओहोटीत पाठोपाठ तीन षटकं निर्धाव टाकली, एक बळीही घेतला. सगळे मामांकडे बघू लागले. मामा शांतपणे म्हणाले, "तो श्रीरामपूरचा आहे. त्याला समुद्राचं काय?"

खरी गंमत निराळीच होती. आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो. म्हणजे वानखेडेवरची आरोळी आमच्या गॅलरीत चार सेकंदांच्या आत येत होती. पण दूरदर्शन संचावरचं चित्र आधी आकाशात उपग्रहाकडे जाऊन मग केबलमधून रमतगमत यायचं. त्याला सात-आठ सेकंद लागत. समोरच्या इमारतीत छत्रीवाली डिश होती, तिला आणखी उशीर. परिणामी प्रत्येक विकेट तीनदा पडायची. आधी दक्षिणेकडून लाट यावी तशी आरोळी यायची, मग आमच्या खोलीत जल्लोष व्हायचा, आणि आमचा जल्लोष संपता संपता समोरची मंडळी ओरडायची. समोरच्यांनी मध्यंतरात निरोप पाठवला, "कृपा करून आधी ओरडू नका, आमची मजा जाते." त्यावर भाच्यानं उलट निरोप पाठवला, "वानखेडेला कळवा."

जयवर्धनेनं सुंदर शतक केलं. नाबाद १०३. शेवटी परेरानं नऊ चेंडूंत बावीस झोडपल्या. २७४. मध्यंतरात कोणी फारसं बोललं नाही. तोवर विश्वचषक कोणत्याही देशानं अंतिम सामन्यात आपल्याच भूमीवर जिंकलेला नव्हता, ही माहिती भाच्यानं नेमकी तेव्हाच पुरवली.

सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला. शून्य. आरोळीऐवजी एक "अं..." आला. मग सचिन. हे त्याचं गाव. शिवाजी पार्कापासून इथवर सगळी वाट त्याची, आणि सहावा विश्वचषक. दोन चौकार झाले तेव्हा खिडकीची तावदानं थरथरली. अठरावर होता. आमच्या पडद्यावर मलिंगा नुकताच धावायला लागला होता. चेंडू त्याच्या हातातच होता. आणि बाहेरचा आवाज थांबला.

तेहतीस हजार माणसं एकदम गप्प झाल्याचं मी आयुष्यात एकदाच ऐकलं. ते ऐकू येतं, खोटं नाही सांगत. गाडी गेल्यावर फलाट जसा ऐकू येतो तसं. पडद्यावर मलिंगा धावतच होता, सचिन बॅट टेकवून उभा होता, आणि खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं की तो बाद झाला आहे. हिनं डोळे मिटून घेतले. भाचा पडद्याला म्हणाला, "टाकू नकोस रे." त्यानं टाकला. संगक्कारानं झेल घेतला. मग काही सेकंदांनी समोरच्या इमारतीतून एक बाई किंचाळली, तेव्हा आम्ही तिसऱ्यांदा ऐकलं. मामा खाली मान घालून म्हणाले, "मलिंगा गालचा. समुद्रकाठचा. त्याला भरती कळते."

दोन बाद ३१. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. गंभीर आणि कोहलीची ८३ धावांची भागी, मग धोनी स्वतः वरच्या क्रमांकावर आला. आमच्याकडे एवढंच झालं, की कोहली आला तेव्हा शेजारचा मुलगा बर्फ आणायला निघाला होता आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर होता. पहिला चौकार बसताच मामांनी हुकूम सोडला, "तिथेच थांब." तो सुमारे चार तास चौथ्या पायरीवर होता. त्याला चहा, श्रीखंड आणि धावफलक तिथेच पोचवण्यात येत होता. बर्फ शेवटपर्यंत आला नाही. गंभीर ९७ वर गेला तेव्हा तो जरा पाय मोकळे करायला तिसऱ्या पायरीवर उतरला होता, असं त्याच्या धाकट्या बहिणीनं फोडलं.

भरती चढतच होती. मामांच्या शास्त्रानं चेंडू आता नुसता डुलायला हवा होता. पण तो धोनीच्या बॅटला लागून सरळच्या सरळ जात होता. "रांचीचा आहे," मामा पुटपुटले, "तिथे समुद्र नाही. त्याला हे माहीतच नाही." अकराला काही मिनिटं कमी होती. आम्ही आता पडद्याकडे बघतच नव्हतो. सगळे गॅलरीत, दक्षिणेकडे कान लावून. आणि ती आली. आजवर दिवाळी, गणपती, सगळं ऐकलं आहे. पण ती आरोळी निराळी होती. तिला शेवटच नव्हता. आत पडद्यावर कुलशेखरा चेंडू घेऊन अजून वळतच होता, आणि बाहेर सबंध गिरगाव जिन्यांवरून खाली उतरायला लागलं होतं. २७७ ला चार. दहा चेंडू शिल्लक.

आम्ही मरीन लाइन्सचा पूल ओलांडून समुद्रावर गेलो. मामा हातात छत्री घेऊन. एप्रिलात छत्री कशाला हे त्यांना कोणी विचारत नाही. मरीन ड्राइव्हवर माणसांची एवढी भरती, की खरी भरती कठड्याखाली अंग चोरून होती. पोलीस, पारशी म्हातारे, मोटारींच्या टपांवर चढलेली पोरं, कोळीवाड्यातल्या बायका, सगळे एकमेकांचे कोण कोण लागत होते. त्यातच एक मनुष्य कठड्यावर आमच्या शेजारी येऊन टेकला. अंगात निळा सदरा, गालावर घामानं ओघळलेला तिरंगा, आणि हातात, देवाचा अंगारा धरावा तसं, तिकीट. आतून आलेला! भाच्यानं आदरानं सरकून जागा दिली.

"कितीला पडलं?" मामांनी विचारलं.

त्यानं आकडा सांगितला. मामा थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिले. तेवढ्यात पेन्शन किती महिन्यांची होते, ते मनात काढत असावेत.

मग तो मनुष्य जरा ओशाळून, जवळ सरकून म्हणाला, "आजोबा, तुम्ही टीव्हीवर बघितली असेल ना? धोनीनं शेवटची सिक्स कुठे मारली हो? आमच्या पुढचे सगळे उभे राहिले. मला नुसती डोकीच दिसली."

मामा उठले. त्यांनी छत्री दोन्ही हातांत धरली, धोतराचा सोगा खोचला, गर्दीला हातानं मागे सारून जागा केली, आणि कुलशेखराला लाँग-ऑनवरून उचलला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो मनुष्य डोळे विस्फारून बघत होता.

"परत एकदा दाखवा ना, आजोबा."

मामांनी परत एकदा मारला. या खेपेला चेंडू थेट समुद्रात गेला असावा, कारण छत्री तशीच वर धरून ते बराच वेळ तिकडे बघत उभे होते.